प्लेट भिंतीला टेकत नाही

प्रश्न : आमचं घर सांगलीवाडीत. दिवाळीआधी जुने लाकडी बोर्ड काढून मॉड्युलर स्विच बसवले. जिन्याखालच्या बोर्डाची प्लेट भिंतीला टेकत नाही आणि स्विच बंद केला तरी जिन्यातला एलईडी बल्ब रात्रभर मिणमिणतो. वायरमन म्हणतो, चालायचंच. खरंच चालतं का?

उत्तर : ताई, मिणमिणण्याचं कारण कळलं तर एक वेळ चालेल, पण प्लेटचं चालणार नाही.

लाकडी बोर्डात मागे ऐसपैस जागा असायची. भिंतीतला लोखंडी बॉक्स जेमतेम दोन इंच खोल. बॉक्सबाहेर वायर वीतभर ठेवलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला टोक हाताला लागत नाही. पण तिची गुंडाळी करून स्विच वरून दाबला की स्क्रूखालची तार ढिली होते, ठिणगी पडते, प्लास्टिक तापतं. न्यूट्रलचे, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीचे जोड आधी तळाशी बसवायचे, मग एकेक वायर नागमोडी दुमडायची. पाइप शिरतो त्या भोकाची धार सुरीसारखी असते, तिथे बुश, म्हणजे वायर कापू न देणारं प्लास्टिकचं कडं, हवंच. एवढं करूनही जागा पुरत नसेल तर मोठा बॉक्स बसवा आणि प्लेटमधल्या रिकाम्या घरांना डमी, म्हणजे कोरी झाकणं, लावा. थोडी भिंत फोडावी लागेल, ती फोडा.

विश्रामबागेत एका घरी प्लेटच्या स्क्रूला हात लागला की झटका बसायचा. उघडून पाहिलं तर कोंबलेल्या फेजच्या, म्हणजे जिवंत वायरीत लांब स्क्रू घुसला होता. बॉक्सला अर्थिंग नव्हतं. असतं तर एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारा स्विच) बहुधा तिथल्या तिथे पडली असती. म्हणून अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटपाशी थांबली आहे की बॉक्सलाही जोडली आहे, हे समोर उभं राहून बघा.

आता बल्ब. स्विचवर फेजऐवजी न्यूट्रल तोडला असेल तर बंद असतानाही होल्डरमध्ये फेज राहतो आणि बल्ब बदलताना जिवावर बेततं. हे परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्या. जोडणी बरोबर असेल तर जिन्याच्या टू-वेत, म्हणजे खालून-वरून दोन स्विचवर चालणाऱ्या दिव्याच्या जोडणीत, दोन वायरी एकाच पाइपातून लांबवर शेजारी जातात, त्यातली एक कायम जिवंत असते. तिच्यामुळे दुसरीत विजेचा किंचित दाब उतरतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. स्विचमधल्या बारीक लाल दिव्यामुळेही असं होतं. यात धोका नाही, दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावून बघा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये घरात पाणी शिरलं होतं का? त्या पुरानंतर मी उघडलेल्या बॉक्समध्ये कृष्णेचा गाळ सुकून दगड झाला होता. तुमचे बॉक्स तेव्हाचेच असतील आणि नुसते स्विच बदलले असतील, तर गंजलेले बॉक्स आणि त्या वायरीही काढून टाका. नवे बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्या. तळमजल्याची एमसीबी वेगळी करून ती माडीवर बसवा, म्हणजे पाणी चढताना खालची लाइन वरूनच तोडता येईल.