डोळ्यांपुढची नागमोडी रेघ आणि गोळ्यांचे पाकीट

आदरणीय ताई,
माझे वय ३६ असून कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशीचा त्रास आहे. डोके दुखू लागण्याआधी अर्धा तास डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेघ येते, ती हळूहळू पसरते, कधी उजव्या हाताची बोटे बधिर होतात आणि मग डावी बाजू ठणकू लागते. आईलाही हाच त्रास आहे. सुंठेचा लेप लावून ती अंधाऱ्या खोलीत पडून राहते. थोरल्या मावशीला गेल्या वर्षी, ६१व्या वर्षी, पक्षाघात झाला. त्यानंतर नणंदेने मोबाइलवर एक मजकूर पाठवला, की अर्धशिशी असणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका दुप्पट असतो. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. यजमानांनी एमआरआय काढून घेण्याचा धोशा लावला आहे. मला रक्तदाब, साखर काही नाही. पाळी नियमित व्हावी म्हणून दोन वर्षांपासून गोळ्या घेते, तेवढेच एक नेहमीचे औषध. मलाही पक्षाघात होणार का?
– एक वाचक, मिरज

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, त्यापाशीच मी थांबले. पाळीच्या गोळ्यांचे पाकीट आत्ता हातात घ्या आणि त्यावर ‘इथिनाइल इस्ट्राडायोल’ हे नाव आहे का ते पाहा. पाळी नियमित करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्याच असतात आणि त्यांत हे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, असते. सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या माला-एनमध्येही ते आहे. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते, आणि ज्यांना अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे रेघा दिसतात त्यांच्यात मुळातच थोडा जास्त असलेला पक्षाघाताचा धोका त्यामुळे आणखी वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा स्त्रियांसाठी, वय कितीही असले तरी, या गोळ्या ‘वापरू नयेत’ अशा शेवटच्या गटात घातलेल्या आहेत.

मी डॉक्टर नाही; परंतु हे वाचून उद्यावर ढकलू नका, असे मी बहिणीच्या नात्याने सांगते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा आणि सरळ सांगा, की मला अर्धशिशी आहे, तीही डोळ्यांपुढे रेघा येणारी आहे, तर ही गोळी चालू ठेवायची का. त्यांच्याशी बोलल्याशिवाय नवे पाकीट सुरू करू नका. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय उपलब्ध आहेत, आणि मूल नको म्हणूनही या गोळ्यांवर विसंबून असाल तर निरोध आहे, तांबी आहे. अनेक जणी स्त्रीरोगतज्ज्ञांना डोकेदुखी सांगत नाहीत, कारण ती ‘त्यांच्या विषयातली’ वाटत नाही, आणि डोकेदुखीच्या डॉक्टरांना पाळीच्या गोळ्या सांगत नाहीत, कारण तो विषय तिथे काढायला संकोच वाटतो. दोन्ही गोष्टी जाणणारी व्यक्ती मग एकच उरते, ती म्हणजे रुग्ण स्वतः. सणासुदीला किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर औषधाच्या दुकानातून आणत असाल, तर तेही सांगा. त्यांतील नोरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात याच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो.

आता नणंदेच्या मजकुराबद्दल. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. अर्धशिशी दोन प्रकारची असते. एका प्रकारात डोके दुखण्याआधी किंवा दुखत असताना तुम्ही वर्णन केलेली लक्षणे येतात, त्यांना ‘ऑरा’ म्हणतात. दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकारात ती येत नाहीत. मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन होणाऱ्या पक्षाघाताचा दुप्पट धोका प्रामुख्याने ऑरा असलेल्यांमध्ये दिसून आला आहे. मात्र ‘दुप्पट’ हा शब्द किती कमीची दुप्पट, हे सांगितल्याशिवाय नुसता भीती घालतो. अमेरिकेत ४५ वर्षांपुढील सुमारे २८ हजार स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ऑरा असलेल्या अर्धशिशीमुळे पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा अशा कारणाने मृत्यू यांचे प्रमाण दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला १८ने जास्त भरते. तुमचे वय त्याहून कमी आहे आणि या वयात मूळ धोकाच फार थोडा असतो. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : बहुधा नाही, मात्र त्या ‘बहुधा’ला बळकटी देण्याचे बरेचसे काम तुमच्या हातात आहे.

डोळ्यांपुढची ती रेघ म्हणजे दर वेळी थोडक्यात हुकलेला पक्षाघात नव्हे, हेही मनातून काढून टाका. मेंदूच्या पृष्ठभागावरून दर मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या मंद गतीने एक लहर सरकत जाते आणि तिच्या मागे पेशी काही वेळ निपचित पडतात. ब्राझीलच्या लिआओ या शास्त्रज्ञाने १९४४ साली सशांच्या मेंदूत ही लहर प्रथम नोंदवली. म्हणून तर तुमची रेघ एकदम न उमटता हळूहळू पसरते. पक्षाघात मात्र अकस्मात येतो : तोंड वाकडे होते, हातातले बळ जाते, बोबडी वळते, आणि चकाकी दिसण्याऐवजी दृष्टी जाते. असे काही झाले, किंवा नेहमीची लक्षणे एका तासानंतरही ओसरली नाहीत, तर ‘ही आपली अर्धशिशीच’ असे म्हणून झोपून राहू नका; १०८ क्रमांकावर फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ही चिन्हे यजमानांनाही समजावून ठेवा, कारण त्या क्षणी फोन त्यांनाच करावा लागेल.

रक्तदाब नाही असे तुम्ही लिहिता, पण तो शेवटचा कधी मोजला होता? वाढलेला रक्तदाब कित्येकदा काहीही जाणवू देत नाही. तो या आठवड्यात मोजून घ्या, सोबत साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासा. तुम्ही मिश्री लावत असाल तर ती मात्र सोडाच; दात घासण्यापुरती म्हटली, तरी तंबाखूच ती, आणि हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातेच. डोके दुखल्यावर कोणती गोळी घेता हे तुम्ही लिहिले नाही. एर्गोटामीन असलेल्या गोळ्या आणि ट्रिप्टान वर्गातील औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. शिवाय महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. त्रास वारंवार होत असेल तर तो टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधे आहेत, आणि त्यांतील प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरही दिले जाणारे औषध आहे.

एमआरआय केवळ भीतीपोटी काढू नये, असे माझे मत आहे. अर्धशिशी असणाऱ्यांच्या मेंदूत बारीक पांढरे ठिपके दिसणे नवलाचे नाही, आणि अहवालातील त्या ओळीने तुमची उरलीसुरली झोपही जाईल. नेदरलँड्समध्ये अशा व्यक्तींची काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा स्त्रियांमध्ये ठिपके वाढलेले दिसले, परंतु बुद्धी किंवा स्मरणशक्ती त्यामुळे घटल्याचे आढळले नाही. लक्षणांचे स्वरूप बदलले असेल, किंवा तपासून डॉक्टरांना शंका आली, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांवर सोपवा, आणि त्यांना भेटायला जाताना गोळ्यांचे पाकीट पिशवीत ठेवा.

आणि आईलाही बरोबर न्या. अर्धशिशी तिलाही आहे, तिच्या सख्ख्या बहिणीला पक्षाघात होऊन वर्षच झाले आहे, आणि वय तुमच्यापेक्षा तिचे अधिक आहे. सुंठेचा लेप तिने खुशाल लावावा, पण रक्तदाब आधी तिचा मोजून घ्या.