वडिलांना लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) आहे. प्रतिकारशक्तीच्या जनुकांची टेस्ट केली तर ते किती जगतील हे कळतं का?

नाही कळत. पण तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य, 'नातेवाईक म्हणतात रक्तातच लढायची ताकद नसेल तर पैसा कशाला घालवायचा', ते वाचून डोकं सणकलं. आर्वीजवळच्या आमच्या गावात, आमच्याच ओसरीवर मी हे ऐकलंय. सख्ख्या मामाच्या तोंडून.

मायच्या मानेला गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून कापसाचा वेचा संपेपर्यंत तिनं कोणाला दाखवलीच नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं सुई टोचून पाहिलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे आधी टीबीच. ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, सगळं टीबीतही होतं, म्हणून घरचेही गप्प. गाठ मात्र वाढतच होती. शेवटी मी भांडून तिला नागपूरला नेलं. तिथं अख्खी गाठ काढून तपासली तर डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला, झपाट्यानं वाढणारा प्रकार. आर-चॉप सुरू झालं, म्हणजे किमो आणि सोबत कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं रिटुक्सिमॅब, दर 21 दिवसांनी.

तेव्हा मामा आला. खाटेवर बसून म्हणे, "आमची माय बी अशाच गाठीनं गेली. हे रक्तातच हाय बाप्पा. बैलजोडी कायले विकून रायला?" माय आतून ऐकत होती. पुढच्या किमोच्या दिवशी गाडीत बसेना. "दादा म्हणते ते खरंच असन." तिला उचलून बसवायचं तेवढं बाकी होतं.

मग मामाच्या पुण्यातल्या पोरानं मोबाइलवर जनुकांवरचे इंग्रजी लेख पाठवले. बापाचंच म्हणणं, फक्त सायन्सचा सदरा घालून.

लेख खोटे नव्हते. 2006 मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून टीएनएफ आणि आयएल-10 या प्रतिकारशक्तीच्या जनुकांतल्या फरकांचा लिम्फोमाशी संबंध दाखवला. पण तो आजार होण्याच्या शक्यतेशी, झाल्यावर जगण्याशी नाही. 2007 मध्ये अमेरिकेतल्या फॉलिक्युलर लिम्फोमाच्या रुग्णांत आयएल-8, आयएल-2, आयएल-12बी, आयएल-1आरएन या तशाच जनुकांतल्या फरकांचा जगण्याशी संबंध दिसला. तो आजारच वेगळा, संथ चालणारा. 2002 चा फ्रान्सचा अभ्यास एफसीजीआर3ए जनुकाचा: रिटुक्सिमॅब चिकटलेल्या पेशीला आपल्या मारेकरी पेशी किती घट्ट धरतात ते त्यावर ठरतं. नुसतं रिटुक्सिमॅब दिलं तेव्हा फरक दिसला, किमोसोबत दिल्यावर मात्र सगळ्या अभ्यासांत दिसला नाही. या सगळ्या गटाच्या सरासऱ्या आहेत. यावरून कोणी तुमच्या वडिलांचं औषध बदलणार नाही, मग टेस्टचे पैसे कशाला?

डॉक्टर अंदाज बांधतात तो वय, स्टेज, रक्तातलं एलडीएच, गाठींबाहेर आजार किती ठिकाणी पसरलाय आणि माणूस चालता-फिरता आहे का, यावरून. यातलं स्टेज तेवढं घरच्यांच्या हातात असतं, तेही लवकर नेलं तरच. नुसत्या सुईवर भागवू नका, पूर्ण गाठीची बायोप्सी मागा. बायोप्सीआधी कोणी स्टेरॉइड देत असेल तर थांबवा, गाठ तात्पुरती बसते आणि निदान हुकतं. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे. पैशाचं महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. प्रतिकारशक्तीच्या पावडरी विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

हां, एक राहिलं. गाठीतल्या पेशींच्या स्वतःच्या जनुकांची टेस्ट, एमवायसी, बीसीएल2 वगैरे, ती वेगळी. ती डॉक्टरनं सांगितली तर कराच, तिच्यावरून उपचार बदलू शकतो. आणि मी शेतकरी आहे, डॉक्टर नाही. वडिलांचा प्रकार कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, फॉलिक्युलर असेल तर कधीकधी लगेच औषधही देत नाहीत, नुसती नजर ठेवतात.

नातेवाइकांना मात्र रुग्णासमोर बोलू देऊ नका, ओसरीवरही नाही. माय यंदाही वेच्याला गेली होती, मी नको म्हणत असताना. मामाचा पोरगा या साइटवर असतो. वाचलंस तर तुह्या बापाले वाचून दाखव.