ड्रग्ज कायदेशीर करून त्यांची शुद्धता सरकारने तपासली, तर ओव्हरडोसचे मृत्यू कमी होतील का?

काही नक्कीच कमी होतील. पण फक्त शुद्धतेने भागणार नाही.

कळव्यात माझं औषधाचं दुकान आहे. माझ्याकडच्या प्रत्येक गोळीच्या पट्टीवर मात्रा, बॅच नंबर, मुदत छापलेली असते. गर्दच्या पुडीवर काहीच नसतं. आत हेरॉइन किती आणि भेसळ किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काल जेवढ्यावर भागलं, आज तेवढ्यातच दुप्पट माल निघाला तर झोपेतच श्वास थांबतो. अमेरिकेत तर हेरॉइनपेक्षा सुमारे 50 पट तीव्र फेंटॅनिल नावाचं औषध मिसळलेलं असतं. आपल्याकडे 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती अशीच, आत काय आहे हे न कळल्यामुळे.

पण माझा मामेभाऊ भेसळीने गेला असं मला वाटत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आला होता. अंगाने भरला होता, मामीकडे तांदळाची भाकरी मागून मागून खायचा. आठवड्याभरात जुनी मुलं भेटली आणि त्याने पूर्वीइतकंच घेतलं. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, जुनी मात्रा झेपत नाही. रात्री मामीला वाटलं, घोरतोय, झोपू दे. ती घरघर श्वास अडकल्याची होती. केंद्रातून घरी पाठवताना हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

अमेरिकेतली ओव्हरडोसची साथसुद्धा 1990 च्या दशकात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, मोजूनमापून बनवलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासूनच सुरू झाली. म्हणून माझ्यासारख्याच्या काउंटरवर हे खुलं विकायला माझा ठाम विरोध आहे. स्वित्झर्लंडची 1994 पासूनची पद्धत पटते: ज्यांना इतर उपचार लागू पडले नाहीत, त्यांनाच दवाखान्यात, नर्ससमोर, मोजून शुद्ध हेरॉइन. आपल्याकडेही काही सरकारी केंद्रांत हेरॉइनची तलफ शमवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समोर बसवून देतात, जिभेखाली विरघळेपर्यंत उठू देत नाहीत. अशी केंद्रं वाढवा. हेरॉइनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन घरच्यांच्या हाती द्या.

तुमच्या घरी कोणी नुकतं केंद्रातून आलं असेल आणि विचित्र घोरत असेल, तर हलवून उठवा. उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि लगेच 108 ला फोन करा. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.