कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलांना जागतिक आरोग्य शिकवायचंय. रोगनिर्मूलन मोहिमांतलं काय सांगू?

देवीच्या रोगापासून सुरू करा, पण तो संपल्याच्या १९८० च्या घोषणेपासून नको. सरसकट टोचत बसण्यापेक्षा रुग्ण हुडकून त्याच्या आसपासच्यांना आधी लस द्यायची, ही युक्ती सांगा.

मग पोलिओ. माझ्या वर्गाला मी मोहिमेत शिवाजी पेठेत फिरवलं होतं. दारावर खडूनं ‘एक्स’ म्हणजे आतलं पोर डोसाविना राहिलंय, परत यायचं. डोस मिळालाय का ते कळायला पोराच्या करंगळीची शाई बघायची. भारतातला वन्य (म्हणजे लशीतून न आलेल्या, निसर्गातल्या विषाणूच्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, हावड्याचा. त्यामागं असल्या लाखो ‘एक्स’ची पायपीट आहे.

आणि फसलेली मलेरिया मोहीम गाळू नका राव! १९५५ ला सुरू, १९६९ ला जागतिक निर्मूलनाचं ध्येय सोडलं. डास डीडीटी या कीटकनाशकाला सरावले, शिवाय देवीसारखी तोंडावर दिसणारी खूण नाही. पोरं इथंच वाद घालायला लागतात.