जुना डिफरन्शियल घेताना

प्रश्न: बाबांच्या पद्मिनी गाडीला मागून घूं-घूं आवाज येतो. भंगारात जुना डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) मिळतोय. घेऊ का? – एक वाचक, इंदूर

उत्तर: आधी आहे त्यातलं तेल बघा हो! कोरडं असेल तर रडणारच. मग गाडीतल्या आणि भंगारातल्या, दोन्हींचे दात मोजा, गुणोत्तर जुळायला हवं. क्राऊनला (मोठं दातेरी चाक) 43, पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं) 10, म्हणजे 4.3. गाडीतला उघडायचा नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, बाकी चाकांना दगड, मागचं एकच चाक उचलून दोन फेरे फिरवा. प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) फेरे खडूच्या खुणेवरून मोजा, तेच गुणोत्तर. ते बदललं की स्पीडोमीटर खोटं बोलतो, त्याची केबल गिअरबॉक्समधून येते ना. क्राऊन-पिनियन मात्र जोडीनंच. मी एकदा नुसता पिनियन बदलला. उज्जैनपर्यंत गाडी किंचाळत गेली, बायको बोलली नाही.