विचारा की! : चौदा शाली आणि एक मानपत्र

जून उजाडला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं ‘कार्यक्रमा’ची असतात. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी ३३ वर्षं काढली, शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. खुर्च्या मोजणं, हारवाल्याशी घासाघीस, प्रास्ताविक लांबलं की खालून घड्याळ दाखवणं, हे सगळं केलंय. त्यामुळे या महिन्यात तीन पत्रं घेतली, तीनही एकाच मांडवाखालची.

कराडहून एक सहायक प्राध्यापिका लिहितात : काकू, मी गेल्याच वर्षी नोकरीला लागले. यंदा आमच्याकडचे तीन जण ३१ मेला निवृत्त झाले : बॉटनीचे सर, हिंदीच्या मॅडम आणि प्रयोगशाळेतले मामा. जूनमध्ये पाच नवे रुजू झाले, त्यातले दोघं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणारे, आहेत. प्राचार्य म्हणतात, स्वागत आणि सत्कार एकत्रच उरकू, आणि सूत्रसंचालन तुम्ही करा. एकत्र केलं तर जुन्या माणसांना कमीपणा वाटेल का? आणि मानपत्रं कशी लिहू? मला तर त्यांची नीट ओळखही नाही.

अगं, तिघंही ३१ मेलाच कसे निवृत्त झाले, हे तुला नवल वाटलं असेल. आपल्याकडे हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जून लिहून ठेवलीय. माझीही तीच. आई म्हणायची, तू हादग्याच्या दिवसांतली. पण दाखल्यापुढे आईचं काय चालतं? आणि एक तारखेला जन्मलेला माणूस नियमाप्रमाणे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. म्हणून ३१ मे. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी, आवारात कुत्रं नाही, फक्त ऑफिस उघडं. माणूस येतो, चार्ज दिल्याच्या कागदावर सही करतो, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवतो आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडची वाट धरतो. तेव्हा सत्कार जून-जुलैत होणं यात कुणाचा अपमान नाही, आणि त्याला स्वागत जोडलं तरी नाही. उलट बरंच. नव्या पोरांना कळतं की आपण बसतोय त्या खुर्चीवर आधी कोण बसायचं.

क्रम मात्र सांभाळ. नव्यांचं स्वागत आधी, आणि दहा मिनिटांत. विभागप्रमुखांनी एकेकाबद्दल दोन वाक्यं बोलायची : कुठला, काय शिकलाय, कुठला पेपर शिकवणार. नव्यांना मनोगत सांगायला लावू नकोस. ‘मला ही संधी दिल्याबद्दल’ म्हणून घाम पुसत खाली बसतात बिचारे. त्यानंतरचा सगळा वेळ निवृत्तांचा. उलटा क्रम लावलास तर मसालेभाताचा वास हॉलमध्ये शिरतो आणि ३० वर्षं शिकवलेल्या माणसाला चिठ्ठी जाते, ‘सर, आवरतं घ्या’. बाहेरचा पाहुणा तर बोलावूच नकोस. त्याला यातलं कुणीच माहीत नसतं, म्हणून तो तास-तासभर शिक्षणाच्या आजच्या स्थितीवर बोलतो.

सीएचबीच्या दोघांना त्याच रांगेत उभं कर, तोच गुलाब दे. पत्रिकेत ‘नवनियुक्त प्राध्यापक’ आणि खाली बारीक अक्षरात ‘तासिका तत्त्वावरील’ असे दोन गट छापू नकोस. तेही नेट-सेट होऊनच आलेले असतात. आणि वर्गणी मागताना कायम माणसाला जेवढी, तेवढी त्यांना मागू नये. आमच्याकडे स्टाफ फंडाचा हिशोब माझ्याकडे असायचा. तासावर पैसे मिळणाऱ्या पोराकडून पाचशे रुपये घेताना मी पावती फाडायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

आता मानपत्र. माझंच सांगते. माझ्या सत्काराला मखमली कव्हरातलं मानपत्र वाचलं गेलं : ‘आपण विद्यार्थिप्रिय प्राध्यापक म्हणून अध्यापनाच्या पवित्र कार्यात…’ मी आयुष्यात एकही तास घेतला नाही गं. वाचणाऱ्यानं मागच्या वर्षीच्या फाइलीत नुसतं नाव बदललं होतं. समोर बसलेली माझी ऑफिसातली माणसं ओठ दाबून हसत होती, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. त्या दिवशी चौदा शाली मिळाल्या. एक शिलाई मशीनवर घातलीय, दोन नणंदांना दिल्या, बाकीच्या अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. मानपत्र कुठे आहे ते सांगत नाही.

म्हणून जाऊन विचार. बॉटनीच्या सरांचं काही लिहायचं तर आधी हर्बेरियमचं कपाट उघडून बघ. आमच्याकडच्या बॉटनीच्या सरांनी कासच्या पठारावरच्या कितीतरी वनस्पती वाळवून, चिकटवून, प्रत्येकीखाली तारीख नि ठिकाण लिहून ठेवल्या होत्या. पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं २०१२ साली. सर पोरांना घेऊन जायचे ते त्याच्या कितीतरी आधीपासून, एसटीनं, डब्यात भाकरी-पिठलं घेऊन. त्यांच्या मानपत्रात मी एवढंच लिहिलं की कपाटात किती शीट्स आहेत, पहिलीवर कुठली तारीख आहे आणि शेवटचीवर कुठली. आकडे मोजायला मला दोन दुपारी लागल्या. वाचताना हॉल गप्प झाला होता. शक्य झालं तर नव्या बॉटनीवाल्याच्या हातात त्या कपाटाची किल्ली सरांनाच द्यायला लाव, स्टेजवर. फोटोवाल्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तो नेमका तेव्हा चहाला गेलेला असतो.

मामांचंही असंच. त्यांना तेच व्यासपीठ, तशीच खुर्ची, तेवढ्याच लांबीचं मानपत्र. पुष्कळ ठिकाणी शिपायाचा नि परिचराचा निरोप ऑफिसातच, चहा-बिस्किटांवर भागवतात. प्राध्यापकही ६०ला निवृत्त होतात आणि मामाही ६०लाच. मधले आम्ही कारकून तेवढे ५८ला बाहेर! मामांना विचार, गॅसची कुठली टोटी गळते, कुठल्या मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरतच नाही. ते त्यांनी सांगितलं नाही तर नव्यांना कळायला दोन वर्षं जातील. मामांना माइक दिलास तर ते ‘काय बोलू’ म्हणतील. थांब, माइक काढून घेऊ नकोस. थोड्या वेळानं बोलतात.

एक गोष्ट लिहू की नको, विचार करत होते. लिहिते. तुझ्या हिंदीच्या मॅडमचे यजमान आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. २०११ साली आमच्याकडे सपत्नीक सत्कार होते. सरांच्या बायकांना कुंकू लावून ओट्या भरल्या. पाठोपाठ आमच्या एका मॅडमची पाळी आली, त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेलेले. ताट घेऊन उभी होते मी. अध्यक्षांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच ताट माझ्या हातानंच मागे सरकवलं. मॅडम हसत होत्या. ३१ वर्षं शिकवून त्या स्टेजवरून तशाच उतरल्या. मी ताट मागे जाऊ दिलं, ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही. २०२२च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बाबतीतल्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला. पेपरात वाचलं तेव्हा मी त्या मॅडमना फोन केला. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही, हेरवाडबद्दलच बोललो. तेव्हा तू ओटी कार्यक्रमातून काढूनच टाक. गजरा द्यायचा तर सगळ्याच बायकांना दे, नव्यांना, जुन्यांना, खाली बसलेल्यांनाही. कुणी विचारलं तर म्हण, काकूंनी सांगितलं.

आणि फ्लेक्सवर निवृत्तांच्या फोटोभोवती फुलांची चौकट काढू देऊ नकोस. छापणारे हौसेनं काढतात. आमच्या एका सरांचा तसा फोटो गेटवर बघून त्यांचे दोन जुने विद्यार्थी पांढरे कपडे घालून आले होते.

सांगली, विश्रामबागेतून एक प्राध्यापक : मी दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. सत्कार नको, भेटवस्तू नको, असं सांगितलं तर सहकारी रुसलेत. तत्त्व म्हणून मला हे खरंच नकोय. काय करू?

सर, नकार देण्यातही थोडा मान असतो बरं का, तो सगळा तुमच्याच वाट्याला जातो. सहकाऱ्यांना तुमच्यासाठी एक दुपार घालवायचीय, ती घालवू द्या. काय नको ते सांगितलंत, आता काय हवं ते सांगा. वर्गात शेवटचा तास घ्या, स्टाफला मागच्या बाकांवर बसू द्या आणि तासाची घंटा नेहमीच्या मामांनाच वाजवू द्या. एवढाच समारंभ. भेटीचे पैसे जमलेच तर ‘कमवा आणि शिका’तल्या पोरांच्या मेसच्या बिलात भरायला सांगा. कर्मवीरांनी ज्या वर्षी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, त्याच १९१९ साली तुमच्याकडे विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. एवढ्या शंभर वर्षांत या दोन जिल्ह्यांत शालींचे किती ढीग झाले असतील बघा, आणि मेसचं बिल मात्र दर महिन्याला थकलेलंच.

शिवाय २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात तुमच्या कॉलेजात कुणी रजिस्टरं वरच्या मजल्यावर नेली, कुणी पूरग्रस्तांसाठी वर्गखोल्या उघडल्या, हे तुम्हाला माहीत असेल. तुमच्या सत्काराच्या निमित्तानं त्यातल्या एखाद्याचं नाव तुम्हीच माइकवरून घ्या. तुमच्याबद्दल बोलायला लोकांना वेळच उरणार नाही. तेच हवंय ना तुम्हाला?

हे झालं कार्यक्रमाचं. खरं काम पुढेच. पेन्शनचे कागद गेले का? दोन महिने म्हणजे सर उशीर झाला, हे अधीक्षक म्हणून सांगते. सेवापुस्तकातल्या सगळ्या वेतननिश्चितींवर पडताळणीचे शिक्के आहेत का, ते उद्याच ऑफिसात जाऊन स्वतः बघा. १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागला असाल तर जुनी पेन्शन, नंतर लागला असाल तर मार्ग वेगळा, तो नीट विचारून घ्या. आणि ना-देय दाखला! प्रयोगशाळेचं, वसतिगृहाचं, जिमखान्याचं निभतं. अडतं ते ग्रंथालयात. आमच्या एका सरांच्या नावावर १९८८ सालापासून एक शब्दकोश होता. ते म्हणायचे परत दिला, ग्रंथपाल म्हणायचे नाही. शेवटी सरांच्या सूनबाईंना तो सापडला, नातवाच्या खुर्चीखाली, उंची वाढवायला ठेवलेला.

‘दर वर्षी नवा’, वाई : मी सीएचबीवर एकाच कॉलेजात चौथं वर्ष शिकवतोय. दर जूनला नव्यानं मुलाखत होते, नव्यानं आदेश निघतो, आणि दर वर्षी ‘नवीन प्राध्यापकांचं स्वागत’ म्हणून मला गुलाब मिळतो. पहिल्या वर्षी बरं वाटलं. गेल्या वर्षी मी ज्यांना शिकवलं, तीच मुलं यंदा माझ्या स्वागताला टाळ्या वाजवत होती. हसू की रडू?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा हसले, त्याची माफी मागते. चार गुलाब झाले म्हणजे! आमच्याकडे एका सरांचे सात झाले होते. सातव्या वर्षी सूत्रसंचालकानं ‘आपले नवे सहकारी’ म्हटल्यावर त्यांनी उभं राहून स्वतःच सांगितलं, ‘मी नवा नाही, माझा आदेश नवा आहे.’ तुम्हीही सांगायला हरकत नाही, पण सगळ्यांची जीभ तशी वळत नाही.

तुमची जागा भरायचं माझ्या हातात नाही, आणि तुमच्या प्राचार्यांच्याही फारसं नाही. जाहिरात निघेल तेव्हा निघेल. पण तोवर कागद जमवा. दर वर्षाचा नियुक्तीचा आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, आणि अनुभवाचा दाखला. त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, हे स्पष्ट लिहून घ्या. पुष्कळ पोरं दाखला मागायला पाच-सहा वर्षांनी येतात. तोवर प्राचार्य बदललेले असतात, कारकून निवृत्त झालेला असतो आणि जुना जावक रजिस्टर वाळवीनं खाल्लेला असतो. मी स्वतः अशा तिघांना हात हलवत परत पाठवलंय.

गुलाब घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. मात्र पुढच्या वर्षी स्वागताला जाताना दाखल्याचा अर्ज दोन प्रतींत खिशात ठेवा. कार्यक्रम संपल्यावर, जेवणाआधी, प्राचार्य व्यासपीठावरून खाली उतरत असतात तेव्हा पुढे करा. त्या वेळी सगळ्यांचे फोटो चाललेले असतात, पेन खिशालाच असतं, आणि चार माणसांसमोर सही नाकारायचं त्यांच्या जिवावर येतं.