देशाच्या ऊर्जेच्या मागणी-पुरवठ्याचं मॉडेल घरी एक्सेलमध्ये करता येईल का? सुरुवात कुठून करू?

नक्की येईल. नियोजन आयोगाच्या काळात सुरू झालेला आणि पुढे नीती आयोगाने चालवलेला 'आयईएसएस २०४७' (देशाला २०४७ पर्यंत किती ऊर्जा लागेल आणि ती कुठून येईल) हा हिशेब आधी उघडून बघा. तो ब्रिटनच्या '२०५० कॅल्क्युलेटर'च्या धर्तीवर बेतलेला आहे.

मी सोलापुरात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो. माझे विद्यार्थी आधी वीजकेंद्रांची यादी करतात. आहेरवाडीच्या एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच लगेच मांडले जातात. तुम्ही दुसऱ्या टोकापासून या. लोकांना काय हवंय? उसाला पाणी, यंत्रमागावर टॉवेल, चुलीवर भाकरी. त्याला किती ऊर्जा लागते, ते मांडा.

पाच एचपीचा पंप साधारण चार किलोवॅट ओढतो. वर्षाला दीड हजार तास चालला असं धरलं तर ६,००० युनिट. पण कोळशातल्या उष्णतेचा चाळीस टक्क्यांच्या आसपासच भाग विजेत उतरतो, वर तारांमधली गळती. म्हणजे त्या पंपापायी १५,००० युनिटांहून जास्त उष्णतेचा कोळसा जळतो. म्हणून अंतिम वापर (पंपाने घेतलेली वीज) आणि प्राथमिक ऊर्जा (त्यासाठी जळलेला कोळसा) हे रकाने कायम वेगळे ठेवा, आणि टन, लिटर, सिलिंडर सगळं एकाच एककात आणा (एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल). ठिबक केलं तर उपसा घटेल. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर मागणी होती तिथेच येते. हेही मॉडेलमध्ये यायला हवं.

वर्षाची बेरीज जुळली म्हणून थांबू नका. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटवर गेली. असे आकडे वार्षिक बेरजेत दिसतच नाहीत. आपल्याकडे शेतकरी रात्रीच्या विजेवर दारं धरायला जातात, अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच दिवसा वीज देणं हा आहे. युनिट तेवढेच, वेळ बदलली. माझ्या मते हा बदल न दाखवणारं मॉडेल शेतीबद्दल काहीच सांगत नाही. निदान प्रत्येक ऋतूतला एक दिवस चोवीस तासांत मांडा.

एका भागातून दुसऱ्या भागात किती वीज नेता येते, ही तारांची मर्यादाही घाला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा कुठे दक्षिणेचं ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) उरलेल्या देशाशी एका वारंवारितेवर आलं. पहिल्या आवृत्तीत उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व, ईशान्य असे पाच विभाग पुरेत.